निगेटिव्ह आल्यानंतरचा प्रश्न

गेल्या वीस वर्षांत आपल्या देशातल्या सरकारी रुग्णालयांत हजारो मुलांच्या केसपेपरवर तीन अक्षरं लिहिली गेली आहेत: ए.ई.एस., म्हणजे ॲक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम. मराठीत आपण सरसकट 'मेंदूज्वर' म्हणतो. मुलाला ताप आला आणि त्यासोबत ते बरळायला लागलं, आईला ओळखेना, बेशुद्ध पडलं किंवा त्याला पहिल्यांदाच झटके आले, की ते या व्याख्येत बसतं. व्याख्या मुद्दाम ढगळ ठेवलेली आहे. जपानी मेंदूज्वराचा एकही रुग्ण हातून सुटू नये म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ती सुचवली आणि २००६ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ती वापरायला घेतली.

बारीक विणीचं जाळं टाकलं की मासळीबरोबर खेकडे, शेवाळ, काटक्या सगळंच वर येतं. मग किनाऱ्यावर बसून निवडावं लागतं. मेंदूज्वराच्या बाबतीत आपण जाळं टाकलं, ओढलं, त्याचं वजन वहीत नोंदवलं आणि निवडण्याचं काम बहुतेक वेळा राहूनच गेलं. मेलेल्या मुलांच्या आकड्यापुढे 'ए.ई.एस.' असं लिहिलं की शासनाचा रकाना भरतो. पण ते आजाराचं नाव नाही. 'पोटात दुखतं' हे जसं आजाराचं नाव नाही, तसंच.

माझं म्हणणं असं आहे की गरीब देशांत मेंदूज्वराच्या विषाणूंचा शोध मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत अडतो, त्याहून आधी तो जिल्हा रुग्णालयातल्या खाटेपाशी अडतो. आणि तिथे तो अडण्याचं एक कारण पैसा असलं, तरी दुसरं कारण आपली सवय आहे. पहिलं नाव सापडलं की आपण शोध थांबवतो आणि ते नाव खोटं ठरलं, तरी दुसरं शोधायला निघायला वर्षं लावतो.

या सवयीची सर्वांत मोठी किंमत गोरखपूरने मोजली. पूर्व उत्तर प्रदेशात भातशेती, साचलेलं पाणी, डुकरं आणि बगळे हे सगळं एकाच ठिकाणी आहे. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूला याहून सोयीची जागा नाही. तो पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो, भातखाचरात पैदा होणारे क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. १९७८ पासून तिथे पावसाळ्यानंतर मुलं मरत होती. लोक त्याला 'नवकी बीमारी' म्हणत, म्हणजे नवा रोग. २००५ साली सात जिल्ह्यांत ५,७३७ रुग्ण झाले आणि १,३४४ दगावले. देश हादरला, आणि २००६ पासून चीनमध्ये तयार झालेली जिवंत लस मोहिमेने दिली जाऊ लागली. लस चांगली आहे, तिने जपानी मेंदूज्वर खरोखर कमी केला. यात वाद नाही.

पण गोरखपूरच्या बाबा राघवदास मेडिकल कॉलेजच्या वॉर्डातल्या खाटा रिकाम्या झाल्या नाहीत. जपानी मेंदूज्वराच्या तपासणीत पॉझिटिव्ह येणाऱ्या मुलांचं प्रमाण घसरत घसरत दहा टक्क्यांच्या आसपास आलं, तरी दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात मुलं येत राहिली आणि मरत राहिली. मग काही नमुन्यांत एंटेरोव्हायरस सापडले. हे विषाणू दूषित पाण्यातून पोटात जातात. मग आजार पाण्यातून येतो असं ठरलं आणि उथळ हातपंपांवर लाल रंगाच्या फुल्या मारल्या गेल्या, खोल हापसे बसवले गेले. चांगलं पाणी मिळणं हे केव्हाही भलंच. पण गरीब वस्तीतल्या धडधाकट मुलांच्या पोटातही एंटेरोव्हायरस सापडतात. शरीरात विषाणू असणं आणि त्यानेच मेंदूला सूज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विषाणू शोधणाऱ्यांना हा फरक पाठ असतो. साथीच्या धांदलीत, वरून उत्तराची घाई असताना, तो विसरला जातो.

मग २०१४ नंतर वेल्लोर, पुणे, चेन्नई, बंगळूर इथल्या संशोधकांनी एक जुनाच आजार तपासून पाहिला: स्क्रब टायफस. गवतात, झुडपांत राहणाऱ्या माइट या किड्याच्या अगदी बारीक अळ्या चावतात, त्यातून ओरिएन्शिया नावाचा जिवाणू अंगात शिरतो. जिवाणू, विषाणू नव्हे. गोरखपूरच्या ए.ई.एस. रुग्णांत साठ टक्क्यांहून जास्त मुलांमध्ये त्याच्या खुणा निघाल्या. आता यातली जिव्हारी लागणारी गोष्ट पाहा. स्क्रब टायफसवर औषध आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन, तालुक्याच्या औषधदुकानातसुद्धा मिळणारं. ताप येऊन चार-पाच दिवस झाले असताना, मेंदूपर्यंत जाण्याआधी ते दिलं, तर बहुतेक मुलं वाचतात. या औषधांना परवाना नवा लागत नव्हता, परदेशी मदत लागत नव्हती. फक्त त्या आजाराचं नाव कुणाच्या डोक्यात यायला हवं होतं.

विदर्भातल्या वाचकांना हे लांबचं वाटणार नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसं गेली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी त्यालाही 'नवा आजार' म्हटलं होतं. नवं काहीच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैनिक याच आजाराने हैराण झाले होते.

मी इथे मुद्दाम जिवाणूचं उदाहरण आधी घेतलं. मेंदूज्वराचे विषाणू शोधायचे असतील, तर शोधणाऱ्याने 'हा विषाणू नसेलही' हे मान्य करूनच सुरुवात करायला हवी. ही गोष्ट मुजफ्फरपूरइतकी कुठेच स्पष्ट दिसली नाही.

बिहारमधला हा जिल्हा लिचीसाठी प्रसिद्ध आहे. १९९५ पासून तिथे मे-जूनमध्ये मुलांना पहाटे झटके येत, काही तासांत ती जात. पावसाच्या सरी पडल्या की साथ आपोआप थांबे. लोक 'चमकी बुखार' म्हणत. उन्हाळा, डास, मेंदू, मुलं, म्हणजे विषाणूच असणार असं अनेक वर्षं धरून चाललं होतं. नमुने दूरदूरच्या प्रयोगशाळांत जात आणि निगेटिव्ह येत. पण चार गोष्टी खाटेपाशीच दिसत होत्या. अनेक मुलांना ताप नव्हताच. पाठीतून काढलेलं पाणी स्वच्छ होतं, त्यात दाहाच्या पेशी नव्हत्या. मुलं संध्याकाळपर्यंत खेळत होती आणि पहाटे कोसळत होती. आणि रक्तातली साखर घसरलेली होती. विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि विषशास्त्रज्ञ डॉ. मुकुल दास यांनी लिचीकडे बोट दाखवलं. २०१४ च्या उन्हाळ्यात दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या ३९० मुलांचा भारतीय आणि अमेरिकी पथकांनी मिळून तपास केला. त्यांतली १२२ गेली. ज्यांची साखर दाखल होताना मोजली होती, त्यांतल्या साठ टक्क्यांहून अधिक मुलांची साखर ७० किंवा त्याहून खाली होती. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, हायपोग्लायसिन ए आणि त्याच्याच जातीचं आणखी एक रसायन असतं. शरीर उपाशी असताना यकृत चरबीतून ऊर्जा काढतं आणि नवी साखर तयार करतं. ही रसायनं नेमकं तेच काम अडवतात. भरल्या पोटाच्या मुलाने लिची खाल्ली तर काही होत नाही. दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खाऊन रात्री न जेवता झोपलेल्या कुपोषित मुलाची साखर पहाटे तळाला जाते.

या निष्कर्षावर सगळ्यांचं एकमत झालं असं नाही. उष्मा, पेशींतले इतर दोष यांवरही तज्ज्ञ बोलतात. लिची बदनाम झाली म्हणून बागायतदारही दुखावले. पण त्या तपासातून निघालेला उपाय वादापलीकडचा होता: मुलांना रात्री जेवू घाला, आणि झटके आलेलं मूल आलं की आधी साखर तपासा, कमी असेल तर लगेच ग्लुकोज द्या. बोटातून थेंबभर रक्त आणि एक पट्टी. तो उपाय गावोगाव पोहोचवण्यात ढिलाई झाली आणि २०१९ च्या जूनमध्ये बिहारमध्ये पुन्हा दीडशेच्या वर मुलं गेली. टीव्हीचे कॅमेरे अतिदक्षता विभागात शिरले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ग्लुकोमीटर चालू आहे का, हे विचारायला मात्र फारसं कुणी गेलं नाही.

आता विषाणूंकडे वळू, कारण ते आहेतच आणि तिथेही हीच चूक उलट दिशेने होते. १९९८ च्या सप्टेंबरात मलेशियातल्या इपोह शहराजवळ डुक्करपालक शेतकऱ्यांना मेंदूज्वर होऊ लागला. काही नमुने जपानी मेंदूज्वराला पॉझिटिव्ह आले. त्या देशात तो आजार असतोच, म्हणून सरकारने लसीकरण सुरू केलं, डासांसाठी धुरफवारणी केली. पण चित्र जुळत नव्हतं. जपानी मेंदूज्वर मुख्यतः मुलांना होतो, इथे मरत होते ते डुकरांना हाताळणारे मोठे पुरुष. लस घेतलेलेही मरत होते. डुकरं स्वतः मोठ्याने खोकून मरत होती. शेतकऱ्यांना हे दिसत होतं, ते सांगतही होते. १९९९ च्या मार्चमध्ये मलाया विद्यापीठातले डॉ. चुआ काव बिंग यांनी एका रुग्णाच्या मेंदूभोवतालच्या पाण्यातून विषाणू वाढवला. त्याने पेशींचं जे केलं, ते जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचं काम नव्हतं. नमुना घेऊन ते स्वतः अमेरिकेला गेले. नवा विषाणू निघाला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळालं: निपाह. तोवर महिने गेले होते. मलेशियात २६५ रुग्ण झाले, १०५ मेले, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली.

हाच निपाह २००१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या सिलिगुडीत आला. ६६ जणांना लागण, ४५ मृत्यू. त्यांतले बहुसंख्य रुग्णालयातच लागण झालेले: कर्मचारी, नातेवाईक, भेटायला आलेले. तेव्हा त्याचं नाव कुणाला सांगता आलं नाही. जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले गेले आणि २००६ साली तो निपाह होता असं प्रसिद्ध झालं. पाच वर्षं! शेजारच्या बांगलादेशात दरम्यान निपाह जवळपास दर हिवाळ्यात येत होता. वटवाघळांनी तोंड लावलेला खजुराचा कच्चा रस हे त्याचं कारण तिथल्या संशोधकांनी शोधून काढलं. २०१८ साली केरळातल्या कोळीकोडमध्ये निपाह आला तेव्हा मात्र एकाच घरातला दुसरा रुग्ण दाखल झाल्यावर खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांना शंका आली, मणिपाल आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत नमुने गेले आणि दोन-तीन दिवसांत नाव कळलं. तरीही १७ माणसं गेली. पण साथ तिथेच थांबली, कारण नाव कळल्यावर कुणाला वेगळं ठेवायचं, मृतदेहाला कसा हात लावायचा, कोणाच्या घरी जाऊन चौकशी करायची हे सगळं ठरवता आलं. सिलिगुडी आणि कोळीकोड यांच्यातला फरक नशिबाचा नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरला शंका घ्यायची मोकळीक होती आणि नमुना पाठवायची वाट माहीत होती.

नमुना या शब्दाशी थोडं थांबतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की रक्त काढलं, पाठवलं, उत्तर आलं. मेंदूज्वरात तसं होत नाही. मेंदूला सूज येईपर्यंत बऱ्याच विषाणूंनी रक्त सोडलेलं असतं. जपानी मेंदूज्वराचा विषाणू रक्तात जवळपास सापडतच नाही, म्हणून त्याविरुद्ध शरीराने बनवलेली आयजीएम प्रतिपिंडं शोधावी लागतात. ती तयार व्हायला काही दिवस जातात. दुसऱ्या दिवशी काढलेला नमुना निगेटिव्ह येतो आणि तरी आजार तोच असू शकतो. नियमाप्रमाणे काही दिवसांनी दुसरा नमुना घ्यायचा असतो. तोवर मूल एकतर गेलेलं असतं किंवा घरी. उलट बाजूने, रक्तातली आयजीएम पूर्वी घेतलेल्या लसीमुळे किंवा डेंग्यूच्या प्रतिपिंडांशी गल्लत होऊनही पॉझिटिव्ह येते. म्हणून मेंदूभोवतालचं पाणी, म्हणजे सीएसएफ, जास्त भरवशाचं. ते काढायला पाठीच्या मणक्यांमधून सुई घालावी लागते. आपल्याकडे लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो किंवा मरतो. ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. ज्या मुलांचं पाणी काढलं जातं, ती आधीच मरणाच्या दारात असतात, त्यांतली बरीच जातात, आणि मागे राहणाऱ्या आई-वडिलांना सुई आठवते. कुणी खाली बसून, दहा मिनिटं देऊन समजावलं तर बहुतेक पालक तयार होतात. एका डॉक्टरमागे साठ रुग्ण असलेल्या वॉर्डात ती दहा मिनिटं कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. मग पाणी काढलंच, तर ते थंड राखून योग्य प्रयोगशाळेपर्यंत न्यायचं. विषाणूची जनुकं उन्हात काही तासांत विरून जातात. रविवारी, गणपतीत, कुरिअर बंद असताना, फ्रीजमधली वीज गेली असताना जे घडतं, ते अहवालात 'निगेटिव्ह' या एका शब्दात येतं.

श्रीमंत देशांतही सगळं कळतं असं नाही. इंग्लंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात, उत्तम प्रयोगशाळा हाताशी असूनही, २०३ रुग्णांपैकी ३७ टक्क्यांचं कारण सापडलं नाही. पण तिथे 'अज्ञात' हा शब्द तपासण्या संपल्यावर लिहिला जातो. आपल्याकडे बऱ्याचदा तो तपासण्या सुरू होण्याआधीच लिहून झालेला असतो.

इथे माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो घेणारे लोक आरामखुर्चीतले नाहीत. ग्रामीण रुग्णालयात काम करणारे डॉक्टर म्हणतात: विषाणू कुठला ते कळून काय करणार? जपानी मेंदूज्वरावर औषध नाही, चांदिपुरा विषाणूवर नाही, निपाहवर खात्रीचं नाही. झटके थांबवा, श्वास चालू ठेवा, मेंदूची सूज उतरवा, साखर सांभाळा. नावाच्या मागे लागण्यापेक्षा ते पैसे व्हेंटिलेटरवर आणि परिचारिकांवर खर्च करा.

यातला निम्मा भाग मला मान्य आहे. नाव आणि शुश्रूषा यांत निवड करायचीच असेल तर शुश्रूषा आधी. पण ही निवड खरी नाही. साखर मोजणं हे शुश्रूषाही आहे आणि निदानही. हर्पिस सिंप्लेक्सच्या मेंदूज्वरावर ॲसायक्लोव्हिर आहे. उपचार न मिळाल्यास त्या आजारात सत्तर टक्के रुग्ण मरतात, वेळेवर मिळाल्यास मृत्यू निम्म्याहून खूप खाली येतात. हा विषाणू जगात सगळीकडे आहे. त्याचा मेंदूज्वर फक्त लंडनमध्ये होतो आणि लातूरमध्ये होत नाही असं मानायला काही आधार नाही. शोधलं नाही म्हणून तो आपल्या आकड्यांत दिसत नाही. क्षयाचा मेंदूदाह आहे, त्यावर औषध आहे. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर केलेला हल्ला आहे, त्यावर स्टेरॉइड आणि इतर उपचार आहेत. आणि ज्यांच्यावर औषध नाही, त्यांचंही नाव या मुलाला वाचवत नसलं तरी गल्लीतल्या पुढच्या मुलाला वाचवतं. डास मारायचे, वालुमाशी मारायची, वटवाघळांपासून रसाची मडकी झाकायची, की मुलाला रात्री जेवू घालायचं, हे नाव कळल्याशिवाय कसं ठरवणार? गोरखपूरने या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी दहा वर्षं मोजली.

आफ्रिकेतलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते मेलेल्या मुलांना विचारून केलेलं आहे. मलावी देशातल्या ब्लँटायर इथल्या रुग्णालयात बेशुद्ध मुलाच्या रक्तात मलेरियाचे जंतू दिसले की मेंदूचा मलेरिया म्हणायची पद्धत होती. निदान सोपं, जगमान्य. डॉ. टेरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकांची संमती घेऊन शवविच्छेदनं केली. २००४ साली त्यांनी लिहिलं की मेंदूचा मलेरिया म्हणून निदान झालेल्या ३१ मुलांपैकी ७ जणांचा मृत्यू दुसऱ्याच कारणाने झाला होता. मलेरियाच्या प्रदेशात निम्म्या निरोगी मुलांच्या रक्तातही मलेरियाचे जंतू असू शकतात. ते तिथे होते, पण मारणारा दुसराच होता. त्याच शहरात मेंदूच्या संसर्गाने गेलेल्या मुलांच्या तपासणीत रेबीजही सापडला. कुत्रा चावल्याचं कुणी सांगितलेलं नसतं आणि पक्षाघाताच्या रूपातला रेबीज पाण्याला घाबरत नाही. आपल्या देशात कुत्र्यांची संख्या पाहता हा प्रश्न आपण विचारायला हवा, आणि विचारत नाही.

शवविच्छेदन हा शब्द काढला की आपल्याकडे चर्चा संपते. मूल गेल्यावर त्याचं शरीर चिरायला कुठली आई तयार होईल? पण आता पूर्ण चिरफाड करावी लागत नाही. मृत्यूनंतर लगेच सुईने मेंदूचा, फुफ्फुसाचा, यकृताचा बारीक तुकडा घेतात, शरीरावर फारशी खूण राहत नाही. मोझांबिक, केनिया, इथिओपिया, सिएरा लिओन, बांगलादेश अशा देशांत हजारो कुटुंबांनी त्याला संमती दिली आहे. त्या कुटुंबांना एकच गोष्ट हवी असते: माझं मूल कशाने गेलं ते मला येऊन सांगा. आपल्याकडे त्यांना ते कोण सांगतं? पुण्याहून अहवाल जिल्ह्याला येतो, जिल्ह्याकडून राज्याला जातो. आई-बापाच्या घरी बहुधा काहीच जात नाही.

पुण्याबद्दल मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने उभं राहिलेलं विषाणू संशोधन केंद्र, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, हिने क्यासनूर जंगल ताप शोधला आणि १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. गावाचं नाव त्याला मिळालं. जवळपास चार दशकं हा विषाणू निरुपद्रवी समजला गेला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली, तेव्हा तो काय करू शकतो ते कळलं. तेव्हाही काही मेंदूतज्ज्ञांनी हा मेंदूदाह नसून रक्तवाहिन्यांचा आजार आहे असा मुद्दा मांडला होता, आणि तो वाद व्हायलाच हवा होता. त्यानंतर गुजरात, २००७ साली आपला नागपूर विभाग. वालुमाशी हा विषाणू पसरवते. मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्याच्या कडेला तिची पैदास होते. सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री बेशुद्धी, आणि पुष्कळदा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत शेवट. साठ वर्षं झाली, लस नाही, औषध नाही. हा विषाणू मातीच्या घरांतल्या मुलांना मारतो, बाजारपेठेला त्यात रस नाही. म्हणून हे काम सरकारी पैशानेच होईल, आणि त्यासाठी आग्रह आपल्याच राज्यातून धरला जायला हवा, कारण ते नाव आपल्या गावाचं आहे.

पण नुसती पुण्याची प्रयोगशाळा मोठी करून भागणार नाही. चोवीस तासांत मारणाऱ्या आजाराचा नमुना दोन दिवसांच्या प्रवासाला पाठवणं ही त्या मुलापुरती तरी केवळ नोंद ठरते. कोविडच्या काळात आपण जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआर यंत्रं बसवली, तंत्रज्ञ तयार केले. ती यंत्रं आता कशासाठी वापरली जातात? जपानी मेंदूज्वर, चांदिपुरा, हर्पिस, स्क्रब टायफस, एंटेरोव्हायरस यांच्या तपासण्या विभागीय पातळीवर व्हाव्यात एवढी मागणी फार मोठी नाही. त्यात निगेटिव्ह आलेले नमुने मग पुढे जावेत, सगळी जनुकं एकत्र वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगसाठी. ढाक्यातल्या शिशू रुग्णालयातल्या डॉ. सेंजुती साहा यांनी नेमकं हेच केलं. कारण न सापडलेल्या मेंदूदाहाच्या मुलांचे नमुने घेऊन त्या कॅलिफोर्नियाला गेल्या. तिथे तीन नमुन्यांत चिकनगुन्याचा विषाणू निघाला. कुणाला तो अपेक्षित नव्हता. मग ढाक्यात परतून साध्या पीसीआरने तपासलं तर २०१७ च्या चिकनगुन्याच्या साथीतल्या आणखी १७ मुलांत तो सापडला. नंतर त्यांनी ते सिक्वेन्सिंग ढाक्यातच सुरू केलं. नमुना बाहेर जायचा आणि ज्ञानही बाहेरच राहायचं, ही जुनी रीत मोडली, हे मला त्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

गुजरातमध्ये २०२४ च्या जून-जुलैत चांदिपुरा परत आला. साबरकांठ्यातल्या मुलांपासून सुरुवात झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १५ ऑगस्टपर्यंतचे देशभरातले आकडे दिले: ए.ई.एस.चे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू, आणि चांदिपुरा सिद्ध झालेले ६४. बातम्यांत ही साथ 'चांदिपुराची' म्हणून गेली. उरलेल्या १८१ रुग्णांचं काय? त्यांतल्या काहींचा नमुना उशिरा घेतला गेला असेल, काहींचा वाटेत खराब झाला असेल, काहींना जपानी मेंदूज्वर, काहींना हर्पिस, काहींची साखर उतरलेली असेल, आणि कदाचित काहींना असं काही असेल ज्याला अजून कुठल्याच गावाचं नाव मिळालेलं नाही.

सिलिगुडीचे नमुने पाच वर्षांनी बोलले, कारण कुणीतरी ते फेकले नव्हते. त्या १८१ रुग्णांपैकी किती जणांचं पाठीतलं पाणी काढलं होतं, ते आज कुठल्या फ्रीझरमध्ये आहे, कशाकशासाठी तपासलं आणि काय निघालं, हे केंद्रीय आरोग्य खात्याने जिल्हावार जाहीर करावं. आणि ज्या घरांतून ती मुलं आली होती, तिथे आशाताईंच्या हाती एक कागद जावा, गुजरातीत किंवा तिथल्या आदिवासी बोलीत लिहिलेला, ज्यावर आजाराचं नाव असेल. नाव सापडलं नसेल तर काय काय तपासलं त्याची यादी असेल.